पुढची सीट जनतेची

शारजात आमच्या बिल्डिंगखालून रोज सकाळी एक विधानसभा दुबईपलीकडच्या जबल अली बंदराला जायची. हसू नका. पांढरी जपानी गाडी, मागच्या सीटवर मांडीला मांडी लावून बसलेले तीन सभासद, स्टिअरिंगवर सभापती, आणि सभापतींच्या शेजारची सीट रिकामी. कायम रिकामी. मागे तीन धट्टीकट्टी माणसं बरणीतल्या लोणच्यासारखी दाबून बसलेली आणि पुढे ऐसपैस सीट, तिच्यावर शोरूममधलं प्लास्टिक अजून तसंच. गाडी सुटताना दिसली की आमच्या मजल्यावरच्या बायका बाल्कनीतून म्हणायच्या, "निघालं बाई अधिवेशन!"

मीही म्हणायचे. पुढे त्याच सीटसाठी मला त्या अधिवेशनापुढे उभं राहावं लागेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सभापतींना सगळे सिनेटर म्हणत, मी सिनेटरकाका म्हणायचे. त्यांचं खरं नाव पासपोर्टावर एक, लेबर कार्डावर दुसरं आणि लायसन्सवर तिसरंच लिहिलेलं होतं. आडनाव कराडकडचं, लांबलचक. इथल्या प्रत्येक टायपिस्टानं त्याचा आपापल्या परीनं मुडदा पाडला होता. तेव्हा सिनेटर हेच काय ते सगळ्यांना नीट लिहिता येणारं नाव.

हा माणूस नेब्रास्कानं झपाटलेला होता. नेब्रास्का हे अमेरिकेतलं एक राज्य आहे, आणि त्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते सगळं ह्या काकांमुळे, बरंचसं इच्छेविरुद्ध. त्यांची कंपनी शेताला पाणी देणारी मोठाली यंत्रं विकायची. चाकांवर उभा असलेला लांब लोखंडी हात, एक टोक शेताच्या मधोमध खिळलेलं, आणि तो गोल फिरत पाणी शिंपडत जायचा. विमानातून वाळवंटात हिरव्या चकत्या दिसतात ना, त्या त्याच्याच. ही यंत्रं नेब्रास्काहून यायची, आणि ती जोडायचं शिकायला कंपनीनं काकांना एकदा तिकडे राजधानीच्या गावी पाठवलं. ते गेले ऐन जानेवारीत. अंगात बायकोनं विणलेला हाफ स्वेटर. ट्रेनिंग दुपारी संपायचं, हॉटेलातला हीटर बंद पडलेला. फुकट आणि ऊबदार अशी एकच जागा त्यांना गावात सापडली, ती म्हणजे विधानभवन.

"उंच मनोरा, आणि त्याच्या टोकावर कोण उभा आहे सांगा. राजा नाही, सेनापती नाही. बी पेरणारा शेतकरी!" हे सांगताना ते स्टिअरिंग सोडून हातानं बी फेकून दाखवायचे, आणि मागचे तिघं एकदम ओरडायचे.

थंडीपायी हा माणूस रोज गॅलरीत जाऊन बसायला लागला आणि बसता बसता बाटला. कारण तिथला कारभार जगावेगळा. सगळ्या अमेरिकेत प्रत्येक राज्याला दोन सभागृहं, आणि ह्या एकट्या राज्याला एकच, त्याच्या सभासदांना म्हणायचं सिनेटर. निवडणुकीच्या कागदावर पक्षाचं नाव नाही. आणि कोणतंही बिल येवो, त्याच्यावर जाहीर सुनावणी व्हायलाच पाहिजे. रस्त्यावरचा कोणीही उठून आत यावं, टेबलापाशी बसावं, आपलं म्हणणं मांडावं. आधी दोन सभागृहं होती तिथेही. इमारत बांधली ती दोन दालनांची. मग मंदीच्या काळात लोकांनी मत देऊन एक सभागृह काढून टाकलं. ते दुसरं दालन मात्र अजून तसंच आहे म्हणे, नटवलेलं आणि रिकामं.

"आमचं दुसरं सभागृह म्हणजे जनता, असं तिथली माणसं म्हणतात," काका सांगायचे आणि शेजारच्या प्लास्टिकवर हलकेच थाप मारायचे. "म्हणून ही सीट जनतेची."

कुलकर्णी मागून कण्हायचे, "जनतेला सांगा जरा पुढे सरकायला. माझा पाय मेलाय."

कुलकर्णी आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले, अकाउंट्सवाले; गाडीतलं सगळं मला त्यांच्याकडूनच कळायचं. दुसरे पाटील, गोडाऊन सांभाळायचे. तिसरा थॉमस, केरळचा, काकांच्याच कंपनीत पर्सोनेलला, हिंदी बोलायचा ते प्रत्येक वाक्याला धक्का देऊन. हे तिघं सभासद. गाडीत काहीही बदलायचं तर बिल मांडायचं. एसी एकवरून दोनवर? बिल. मधे थांबून चहा? बिल. मग सुनावणी. काका आरशातून बघत विचारायचे, "नाव सांगा. स्पेलिंग सांगा. बाजूनं, विरोधात, की तटस्थ?" रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला रोज नावाचं स्पेलिंग! पाटील कायम तटस्थ. डोळे मिटूनच म्हणायचे, "पी, ए, टी, आय, एल, तटस्थ," आणि पुन्हा घोरायला लागायचे.

एकदा ऑगस्टात कुलकर्ण्यांनी सुनावणी न घेता मागून हात लांब करून एसीचा खटका तीनवर नेला. काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, चारी दिवे लुकलुकत ठेवले आणि हाताची घडी घालून बसले. बाहेर वाळू नुसती तापत होती. कुलकर्ण्यांनी खटका जागेवर नेला, माफी मागितली, रीतसर बिल मांडलं, ते मंजूर झालं, मग खटका परत तीनवर गेला. सगळे ऑफिसात उशिरा. थॉमसला साहेबानं विचारलं काय झालं, तर तो म्हणाला, "सर, पार्लमेंट."

आणखी एक तऱ्हा. ते एक सभागृह आलं कसं, ही काकांची लाडकी गोष्ट. एक म्हातारा पुढारी स्वतःच्या गाडीनं राज्यभर हिंडला, टायरचे दोन जोड झिजवले आणि लोकांना पटवलं. पण नुसत्या पटवण्यानं झालं नाही. त्याच दिवशी मतदानाला आणखी दोन गोष्टी होत्या, घोड्यांच्या शर्यतीवरचा जुगार आणि दारूबंदी उठवणं. लोक त्या दोन्हींसाठी उत्साहानं आले आणि जाता जाता लोकशाहीवरही शिक्का मारून गेले. आता शारजात दारूबंदी कडक. तर काका हा इतिहास दुबईची हद्द लागल्याशिवाय सांगायचे नाहीत. कुलकर्णी मुद्दाम शारजाच्या सिग्नललाच विचारायचे, "सिनेटर, त्या दिवशी घोड्यांबरोबर आणखी काय पास झालं हो?" काका ओठ घट्ट मिटून गिअर टाकायचे.

आणि तो पोलीस! हा किस्सा कुलकर्णी दर पार्टीत सांगायचे. दुबईतल्या डिफेन्स राउंडअबाउटपाशी एका पोलिसानं गाडी थांबवली. मागे तिघं कोंबलेले, पुढे कोणी नाही, ही काय भानगड? त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, "ये सीट में कौन?" काका म्हणाले, "जनता." पोलीस म्हणाला, "जनता कौन? आपका मदाम?" काका असे लाल झाले म्हणतात, की पोलिसालाच दया आली. "खलास, यल्ला, रूह," म्हणाला आणि सोडून दिलं. आम्ही सगळे पोट धरधरून हसायचो. त्या पोलिसाला जे एका मिनिटात कळलं ते आम्हाला इतक्या वर्षांत का कळलं नाही, कोण जाणे.

काकांची बायको कराडला होती. प्राथमिक शाळेत शिक्षिका. "तिला इथली हवा मानवत नाही," असं काका म्हणायचे. मुलंबाळं नव्हती. सुट्टीत महिनाभर जायचे, येताना चटणीचे डबे आणायचे आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटायचे. मी कधी खोदून विचारलं नाही. तिथे अशी निम्मी माणसं होती, सगळ्यांचीच बायको कुठेतरी फोटोत.

आता माझं. लग्नाआधी मी मुंबईत एका क्लिअरिंग एजंटाकडे काम करत होते. शिपिंगचे कागद मला पाठ. शारजात आल्यावर मात्र दोन खोल्या, एक बाल्कनी आणि मुलीची डबा-बाटली. मुलगी शाळेत जायला लागली तसं घर मला खायला उठलं. मी अर्ज टाकत सुटले, आणि जबल अलीतल्या एका फ्रेट कंपनीनं बोलावलं. दोन हजार दिरहम! म्हणजे, मी लिफ्टमध्येच मोठ्यानं हिशोब केला, जवळजवळ वीस हजार रुपये. कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, मुलीला दुपारी मी बघते, तू जा. आनंदानं मी शिरा केला.

अटी दोन होत्या. मी नवऱ्याच्या व्हिसावर, तेव्हा त्याची एनओसी हवी. आणि जायचं-यायचं माझं मी बघायचं, कारण कंपनीची बस कॅम्पावरनं कामगार घेऊन जायची, तीत बायकांची सोय नव्हती. शनिवारी हजर व्हा, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं.

नवरा म्हणाला, "माझी काही हरकत नाही गं. एनओसी काय, दोन मिनिटांचं काम. पण आधी गाडीचं बघ. कुलकर्णी वगैरे तयार आहेत का? बाईमाणूस गाडीत, त्यांना ऑकवर्ड व्हायला नको."

मी कुलकर्ण्यांकडे गेले. "वहिनी, आमची काय हरकत असणार! पण आधी एनओसी येऊ द्या. उद्या तुमचे मिस्टर म्हणायचे, मला न विचारता घेऊन गेले."

थॉमस म्हणाला, "मेरे को कोई प्रॉब्लम नहीं मॅडम, पाटील साब से पूछो." पाटील तटस्थ.

मी परत नवऱ्याकडे. तो म्हणाला, "बघ, म्हणजे त्यांचं नक्की नाही." परत कुलकर्ण्यांकडे. "बघा, म्हणजे मिस्टरांचं नक्की नाही." सोमवार गेला, मंगळवार गेला. कोणी म्हणून नाही म्हणेना, आणि माझी नोकरी तर चालली हातची. अस्सा संताप आला! एखादा सरळ नाही म्हणाला असता तर त्याच्याशी भांडले तरी असते. ही सगळी ताकाला जाऊन भांडं लपवणारी मंडळी. बुधवारी मी लिफ्टमध्ये उभी राहून रडत होते, आणि तिसऱ्या मजल्यावर सिनेटरकाका आत आले, हातात खुबूस रोट्यांचं पाकीट.

"काय झालं वहिनी?"

मी भडाभडा सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. तळमजला आला, दार उघडलं, मिटलं, आम्ही परत वर निघालो. त्यांच्या डोळ्यांत हळूहळू असा आनंद पसरला की मला वाटलं, ह्या माणसाला माणुसकी आहे की नाही?

"दोन सभागृहं!" ते म्हणाले. "अहो, हाच तर रोग! हे म्हणतात त्यांच्यामुळे अडलं, ते म्हणतात ह्यांच्यामुळे. दोघंही जनतेपुढे गोड, आणि बिल मधल्यामधे मारतात. म्हणून तर तिथं दुसरं सभागृह काढून टाकलं. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी सगळ्यांना खाली बोलवा, तुमच्या मिस्टरांसकट. एकच सभागृह. ज्याला नाही म्हणायचंय त्यानं सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं."

"काका, पण सीट? मागे तर तीन आहेत."

त्यांचा चेहरा जरा पडला. "ते सुनावणीत बघू," म्हणाले.

शुक्रवारी बिल्डिंगमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली, चारी दारं उघडी. हवा छान थंड होती. काका ड्रायव्हरच्या जागी, तिघं सभासद मागे आपापल्या जागी, मी दाराशी. साक्षीदारानं बॉनेटसमोर उभं राहून काचेतून सभागृहाकडे बघत बोलायचं. काकांनी सुरुवात म्हणून हॉर्न दाबला. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात हॉर्नचा अर्थ एकच. वेटर चहाची ऑर्डर घ्यायला धावत आला. "नको रे," काका म्हणाले. पुढे प्रत्येक वेळी शांतता राखा म्हणून हॉर्न वाजायचा आणि प्रत्येक वेळी तो यायचा. शेवटी वैतागून त्यानं न विचारता सगळ्यांना चहा आणून दिला.

पहिले कुलकर्णी. बॉनेटसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की हा मनुष्य आता खरं बोलणार. "के, यू, एल..." सगळं स्पेलिंग झालं. "विरोधात." मग खाली बघत म्हणाले, "मी सकाळी गाडीत दाढी करतो. बॅटरीवरच्या मशीननं. आणि मग तोंड उघडं टाकून झोपतो. वहिनींसमोर कसं करणार?"

"एवढंच?" मी ओरडले. हॉर्न वाजला. वेटर आला.

थॉमस म्हणाला, तो सकाळी मोठ्यानं प्रार्थना म्हणतो, मॅडमला चालत असेल तर तो बाजूनं. पाटलांनी बॉनेटपर्यंत येण्याचे कष्ट घेतले आणि तटस्थ म्हणून परत गेले.

मग माझा नवरा. बॉनेटला टेकून उभा राहिला, स्पेलिंग सांगितलं. काका म्हणाले, "बाजूनं, विरोधात, की तटस्थ?"

"मी एनओसी लिहून ठेवलीय," नवरा म्हणाला. "खिशात आहे. मंगळवारपासून."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"मागच्या थंडीत आमच्या ऑफिसातला एक जण त्याच जबल अलीच्या रस्त्यावर अपघातात गेला. धुक्यात. सकाळी त्यानं मला चहा विचारला होता, मी म्हटलं नंतर घेऊ. मला भीती वाटते. हे घरात बोलायला लाज वाटली. म्हटलं गाडीवाले परस्पर नाही म्हणतील तर बरं."

माझा सगळा राग विरघळून गेला, आणि मेल्यानं हे मला का नाही सांगितलं म्हणून नवा आला. काकांनी घसा खाकरला. "तुमचा विरोध बिलाला आहे की धुक्याला?"

"धुक्याला."

"मग दुरुस्ती मांडा. धुकं असेल त्या सकाळी ते विरेपर्यंत गाडी निघणार नाही. कोणी उशीर झाला म्हणून बोललं तर सभापतीला पाठवा." दुरुस्ती तिथल्या तिथे मंजूर झाली. थॉमस म्हणाला, "ये तो पहले ही करना था."

"आता सीट," कुलकर्णी म्हणाले. दाढीचं गुपित बाहेर पडल्यावर त्यांना भलताच जोर चढला होता. "वहिनींना मागे कुठे बसवणार? पुढेच बसू द्या. रिकामीच तर आहे."

"पुढची सीट ह्या सभागृहाच्या अखत्यारीत येत नाही," काका पटकन म्हणाले. "ती जनतेची."

"अहो मग मी कोण? मी जनता नाही?"

"नाही... म्हणजे आहात. पण तसं नाही."

अडलं ना घोडं तिथेच! माझी नोकरी, नवऱ्याची भीती, कुलकर्ण्यांची दाढी, सगळं पार करून आलं आणि अडलं ते प्लास्टिकच्या कव्हरापाशी. मी म्हटलं, "काका, सुनावणीत साक्ष कोणाचीही काढता येते ना? मग मी तुमची काढते. या बॉनेटसमोर."

ते हबकले. पण नियम म्हणजे नियम. गाडीतून उतरले, पुढे गेले, आणि सवयीनं स्वतःचं आडनाव एकेक अक्षर करत सांगायला लागले. सांगता सांगता मधेच थांबले. "तिथं एकदा मीसुद्धा साक्ष दिली होती," म्हणाले. हे आम्ही कोणीच ऐकलेलं नव्हतं. "विहिरींच्या पाण्याचं बिल होतं. मी उठलो नि आमच्या कराडच्या विहिरींबद्दल बोललो. विहीर शेजाऱ्याची असली तरी पाणी काही शेजाऱ्याचं नसतं, असं. कोणी विचारलं नाही तू कुठला, तुझा व्हिसा कसला. नाव सांगा म्हणाले, स्पेलिंग सांगा म्हणाले, आणि बरोबर लिहून घेतलं. बिल पडलं. पण माझं ऐकून पडलं." त्यांनी चष्मा पुसला. "इथं आपण पाहुणे, आपल्याला मत नाही. गावच्या यादीतून नाव कधीच उडालं. सगळ्या जगात माझं म्हणणं बसून ऐकलं ते त्या माणसांनी."

मला वाईट वाटलं, पण मी सोडलं नाही. शनिवार उद्यावर आला होता. "काका, सीट कोणाची?"

"हिची," ते म्हणाले. "गाडी घेतली तेव्हा म्हटलं, ती आली की पहिल्यांदा तीच बसेल."

"पण काकूंना इथली हवा मानवत नाही ना?"

तेवढ्यात थॉमस मागच्या सीटवरून बाहेर डोकावला. "साब, आपने मेरे को बोला मदाम को हवा सूट नहीं होता. वो तो इधर कभी आया ही नहीं! फॅमिली व्हिसा का फॉर्म मैंने खुद दिया आपको. तीन बार दिया. कंपनी तो देती है."

"आणि काकूंना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"कंपनी देत नाही म्हणून," काका पुटपुटले.

अगं बाई गं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आम्हाला सांगायचं बायको येत नाही, बायकोला सांगायचं कंपनी देत नाही. दोन सभागृहं, आणि दोन्हींचा सभापती हाच. कुलकर्णी इतके हसले की चहा सांडला. मी हसणार होते, पण काकांचं तोंड बघून थांबले. एसीचा खटका फिरवायला जाहीर सुनावणी घेणाऱ्या ह्या माणसानं बायकोला एक प्रश्न विचारला नव्हता.

"तिची शाळा आहे," ते म्हणाले. "तिचं तिथं सगळं आहे. नाही म्हणाली असती तर?"

माझा नवरा अजून बॉनेटपाशीच उभा होता. तो म्हणाला, "तर तुमचं ऐकून नाही म्हणाली असती."

हॉर्न कोणी वाजवला नाही, तरी वेटर कप न्यायला आला. पाटील गाडीतून उतरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते. "बिल मांडतो," म्हणाले. "सिनेटरनी आत्ताच्या आत्ता कराडला फोन करायचा. आणि जनता येईपर्यंत सीट वहिनींना. पी, ए, टी, आय, एल. बाजूनं."

एकमतानं मंजूर. एका मताचा अपवाद होता, पण तो मोजला नाही.

कोपऱ्यावर कार्डाचा फोन. शुक्रवारी रेट कमी, त्यामुळे लुंगी नेसलेल्यांची, पठाणी घातलेल्यांची लांब रांग. रांगेत काका मधे आणि आम्ही पाच जण चारी बाजूंनी, पळून जायची सोय नाही. त्यांचा नंबर आला. बूथचं दार मी पायानं उघडं धरून ठेवलं, जाहीर सुनावणी म्हणून.

"हॅलो. हो, मीच. नाही नाही, बरा आहे. ऐक ना, एक विचारायचं होतं. म्हणजे त्याचं असं आहे, नेब्रास्कात..." इथं मी त्यांच्या पाठीत बोट खुपसलं. "बरं. तू येतेस का इथं? राहायला."

मग ते नुसतेच ऐकत राहिले. कार्डावरचे आकडे भराभर उतरत होते. रांगेतला एक पठाणसुद्धा पुढे वाकून ऐकायला लागला. काकांनी फोन ठेवला आणि बाहेर आले.

"काय म्हणाल्या?" आम्ही सगळे एकदम.

"म्हणाली, एवढी वर्षं विचारायला काय धाड भरली होती?"

"आणि?"

"आणि म्हणाली..." त्यांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. "म्हणाली, गाडीतली सीट मागे सरकते का? तिचे गुडघे दुखतात."

शनिवारी सकाळी मी एनओसी पर्समध्ये घालून पुढच्या सीटवर बसले. प्लास्टिक कुरकुरलं. मागे थॉमसची प्रार्थना आणि कुलकर्ण्यांची मशीन एकाच सुरात चालली होती. काका एवढंच म्हणाले, "कव्हर काढू नका हं वहिनी."

काकू शाळेचं वर्ष संपवून जूनमध्ये आल्या. बुटक्या, गोल, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि आवाज चौथीच्या वर्गाला पुरेल असा. मला म्हणाल्या, "रोजची तू बस गं, तुझी नोकरी आहे. शुक्रवारची माझी." पहिल्याच शुक्रवारी खोर फक्कानला समुद्र बघायला जायचं ठरलं. पाटील सुट्टीवर गावी गेले होते, थॉमस शुक्रवारच्या चर्चला, तेव्हा मागे कुलकर्णी, मी आणि माझा नवरा; मुलगी कुलकर्णी वहिनींकडे. काकांनी स्वतः पुढचं दार उघडलं. काकूंनी ते प्लास्टिक बघितलं, टरकन फाडलं, गोळा करून काकांच्या हातात दिलं. मग बसल्या, सीट शेवटपर्यंत मागे सरकवली, माझे गुडघे माझ्या हनुवटीला लागले, आणि त्यांनी आपले पाय ऐसपैस लांब केले.

गाडी निघाली. बाहेर नुसती भट्टी. काकूंनी पदरानं वारा घेतला, इकडे तिकडे बघितलं, आणि हात लांब करून एसीचा खटका एकदम चारवर नेला.

कुलकर्ण्यांनी माझा हात धरला. आम्ही तिघंही श्वास रोखून आरशात बघत राहिलो, आता गाडी कडेला जाते की मग जाते. काकांनी खटक्याकडे बघितलं. काकूंकडे बघितलं. मग समोर रस्त्याकडे बघत गिअर बदलला.

"अजून वाढतो का हो हा?" काकूंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "एवढाच आहे. पुरतोय ना तुला?"